पुनर्विकासात सिमेंट-लोखंडाचा कार्बन कमी करायचा, तर सरकारकडून काय मिळते?

प्रश्न असा आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीचा ३,००० चौरस मीटरच्या भूखंडावर पुनर्विकास व्हायचा आहे, एकूण बांधकाम साधारण ८,००० चौरस मीटर. सिमेंट, सळई, विटा यांच्यापायी होणारे उत्सर्जन कमी व्हावे अशी सभासदांची इच्छा आहे. विकसक म्हणतो, खर्च वाढेल, सरकारी अनुदान असेल तरच बघू. असे अनुदान आहे का, आणि असल्यास कुणाकडे जायचे?

वाचवलेल्या टनामागे अमुक रुपये हातात देणारी योजना खासगी गृहप्रकल्पासाठी नाही. सरकारचा आधार आहे, पण तो चटईक्षेत्र, राखेची अधिसूचना, भारतीय मानके, पोलादाची ताऱ्यांची श्रेणी आणि पुरवठादारांच्या कर्जावरची व्याजसवलत अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला आहे. विकसकाचे पहिले गृहीतकच तपासायला हवे. काँक्रीटमधली मोठी कपात महाग नसते. तिच्यात पैशापेक्षा दिवस जास्त लागतात, आणि ते दिवस आधी आखले तर बहुतेक भरून निघतात. म्हणून आधी कार्बन कुठे आहे ते बघू, मग सरकारी दारे.

सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजून तो बनतो. एक टन क्लिंकरमागे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास वायू खुद्द दगडातून निघतो, इंधनातून नव्हे. कारखान्याने सौर वीज घेतली तरी हा भाग तसाच राहतो. त्याला एकच उपाय आहे, तो म्हणजे क्लिंकर कमी वापरणे. औष्णिक केंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली दळलेली मळी, म्हणजे बाजारात ज्याला जीजीबीएस म्हणतात ती, क्लिंकरची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकते.

तुमच्या इमारतीचा अंदाज बांधू. आपल्याकडच्या निवासी आरसीसी बांधकामात दर चौरस मीटरला ०.४ घनमीटर काँक्रीट आणि ४५ ते ५० किलो सळई असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे ३,२०० घनमीटर काँक्रीट आणि ३८० टन लोखंड. एम ३० या ताकदीच्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये ३६० किलो निव्वळ ओपीसी, म्हणजे साधे पोर्टलँड सिमेंट, घातले आणि किलोमागे ०.८८ किलो उत्सर्जन धरले, तर घनमीटरमागे ३१७ किलो होतात आणि सगळ्या इमारतीचे हजार टनांच्या वर जातात. लोखंडाला देशाच्या सरासरीजवळचा टनाला अडीच टन हा आकडा धरला तर ९५० टन. विटा, गिलावा, फरशा, खिडक्या यांचा वाटा यापुढे लहान आहे. सभासदांच्या बैठकीत बांबूच्या रेलिंगवर तासभर चर्चा होते आणि काँक्रीटचे मिश्रण कुणी विचारतही नाही. खरा हिशेब काँक्रीटच्या मिश्रणातच आहे.

आता मिश्रण. त्याच एम ३० मध्ये निम्मे ओपीसी काढून जीजीबीएस घातले, तर १८० किलो ओपीसीचे १५८ आणि दळण-वाहतुकीसकट जीजीबीएसचे १८, असे घनमीटरला १७६ किलो होतात. म्हणजे ४४ टक्के कपात. तीस टक्के राख घेतली तर सिमेंट आणि राख मिळून एकूण चिकट द्रव्य साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे लागते (भारतीय मानक आयएस १०२६२ ची मिश्रण-पद्धत हेच सुचवते). ३९६ किलोंत २७७ किलो ओपीसी आणि ११९ किलो राख. उत्सर्जन २४८ किलोंच्या आसपास, म्हणजे २२ टक्के कपात. पुण्याला जीजीबीएस रायगडमधल्या डोलवीच्या बाजूने येऊ शकते आणि सहसा ओपीसीपेक्षा स्वस्त पडते. विकसकाच्या ‘खर्च वाढेल’ला पहिले उत्तर आरएमसीवाल्याच्या, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणाऱ्याच्या, दरपत्रकातच सापडेल. एकाच ग्रेडचे तीन दर मागा: निव्वळ ओपीसी, राखेसह आणि स्लॅगसह (म्हणजे जीजीबीएससह).

सगळ्या इमारतीला एकच प्रमाण लावू नका. पाया आणि राफ्टला ६० ते ६५ टक्के स्लॅग चालते. तिथे घाई नसते, शिवाय जाड काँक्रीटमधली उष्णता कमी झाल्याने तडेही कमी जातात. कॉलम आणि शिअर वॉलला ५० टक्के. स्लॅब-बीमला ३० ते ३५ टक्क्यांवर थांबा, कारण सेंट्रिंगचे चक्र तिथे असते. एकूण काँक्रीटचा पाचवा हिस्सा पायात, पाव हिस्सा उभ्या भागांत आणि उरलेला स्लॅब-बीममध्ये धरला, तर सरासरी कपात ४० टक्क्यांच्या जवळ येते. तुमच्या इमारतीत हे जवळपास ४०० टन झाले, तेही एकही नवे तंत्रज्ञान न आणता.

यात सरकारचा आधार कुठला, असे वाटेल. तो मानकांचा आहे, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा तोच. आयएस ४५६ च्या तक्ता ५ मध्ये मध्यम वातावरणासाठी किमान ३०० किलो सिमेंट सांगितले आहे. अनेक निविदांत हा आकडा ‘किमान ३०० किलो ओपीसी ५३ ग्रेड’ असा उतरतो. मूळ तक्त्याची टीप वेगळे सांगते. तिच्यानुसार हे प्रमाण राख आणि स्लॅग धरून आहे, अट एवढीच की त्यांची योग्यता सिद्ध झालेली असावी आणि मात्रा आयएस १४८९ व आयएस ४५५ च्या मर्यादेत राहावी. त्या मर्यादा राखेला ३५ टक्के आणि स्लॅगला ७० टक्के आहेत. वरची ४५० किलोंची मर्यादा मात्र राख-स्लॅग वगळून मोजायची असते. तुमच्या आरसीसी सल्लागाराच्या सर्वसाधारण टिपणांत ‘फक्त ओपीसी’ लिहिले असेल तर ते वाक्य बदलून घेणे हे या सगळ्या कामातले पहिले पाऊल. त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

मिश्र सिमेंटचीही मानके तयार आहेत. कंपोझिट सिमेंटला आयएस १६४१५ आणि भाजलेली माती-चुनखडी असलेल्या सिमेंटला, म्हणजे एलसी३ ला, २०२३ चे आयएस १८१८९. रोजच्या पुरवठ्याची आखणी मात्र पीपीसी (राखेचे सिमेंट), पीएससी (स्लॅगचे सिमेंट) आणि जीजीबीएस यांवरच करा, कारण मधेच सिमेंटचा प्रकार बदलला की मिश्रण पुन्हा तपासावे लागते.

चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण एकदा स्लॅब बिघडला की पुढची दहा वर्षे तो ठेकेदार स्लॅगचे नाव काढू देत नाही.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दुहेरी राख. आरएमसी प्लांटवर किंवा साइटवर पीपीसी येते, तिच्यात ३५ टक्क्यांपर्यंत राख आधीच असते. वर आणखी ३० टक्के राख घातली की क्लिंकर निम्म्याखाली जातो, ताकद चढत नाही आणि दोष राखेवर येतो. नियम सोपा आहे: प्लांटवर मिश्रण करायचे असेल तर आधार ओपीसीच हवा. पीपीसी किंवा पीएससी गोणी विटकामासाठी, गिलाव्यासाठी आणि साइटवरच्या लहान काँक्रीटसाठी ठेवा. आरएमसीशी बोलताना सिमेंट, राख आणि जीजीबीएस यांचे सायलो (साठ्याच्या उंच टाक्या) वेगळे आहेत का, हे स्वतः जाऊन बघा. प्रत्येक गाडीबरोबर संगणकीय बॅच-स्लिप मागा. तिच्यात तिन्ही वजने वेगळी दिसली पाहिजेत.

राखेचा दर्जा ही दुसरी गोष्ट. आयएस ३८१२ भाग १ प्रमाणे ज्वलनहानी ५ टक्क्यांच्या आत, ४५ मायक्रॉन चाळणीवर उरणारा भाग ३४ टक्क्यांच्या आत आणि बारीकपणा किलोला किमान ३२० चौरस मीटर हवा. ज्वलनहानी जास्त म्हणजे न जळलेला कोळसा जास्त. तो अॅडमिक्श्चर (काँक्रीट प्रवाही ठेवणारे रसायन) पिऊन टाकतो. मग साइटवर काँक्रीट घट्ट येते आणि मजूर पाणी ओततात. ताकद त्या पाण्याने जाते. जीजीबीएसला आयएस १६७१४ चे प्रमाणपत्र मागा. तलावातली ओली राख काँक्रीटसाठी घेऊच नका.

तिसरी, सात दिवसांच्या क्यूबची, म्हणजे ताकद तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, भीती. निव्वळ ओपीसीचे काँक्रीट सात दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या ६५ ते ७० टक्क्यांवर जाते. पन्नास टक्के स्लॅगचे ५० ते ६० टक्क्यांवरच असते. सल्लागार घाबरतो आणि पुढच्या ओतकामाला ‘सिमेंट वाढवा’ म्हणतो. कार्बनही वाढतो आणि चाचणीचा अर्थही जातो. स्वीकृती २८ दिवसांवरच ठेवा, पायासाठी ५६ दिवसांचे क्यूब माहितीसाठी ठेवा. सेंट्रिंग काढण्याचा निर्णय मात्र प्रयोगशाळेच्या टाकीतल्या क्यूबवरून घेऊ नका. स्लॅबशेजारी, स्लॅबइतकेच पाणी मारलेले वेगळे क्यूब ठेवा. आयएस ४५६ मधली टेकू काढण्याची मुदत, म्हणजे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस आणि त्यापुढे चौदा, ही साध्या ओपीसीसाठी आहे. इतर सिमेंटला ती बदलून घ्यावी असे तिथेच म्हटले आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. त्या दोन महिन्यांत स्लॅबमधले स्लॅग २० ते २५ टक्क्यांवर आणा, नाहीतर टेकूंचा एक जादा संच भाड्याने घ्या. हा जादा संच म्हणजे या सगळ्याचा खरा खर्च. तो आधी धरून ठेवला की वाद होत नाही. अॅल्युमिनियम फॉर्मवर रोज भिंती उघडायच्या असतील तर स्लॅगऐवजी माफक राख आणि चांगले अॅडमिक्श्चर बरे.

चौथी, पाणी मारणे. मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस आणि कोरड्या-उष्ण हवेत चौदा दिवस. मार्च ते मे या काळात पुण्याची हवा कोरडीच असते. राखेच्या काँक्रीटला पाणी कमी पडले तर वरचा थर भुसभुशीत राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो आणि सळईला गंज धरतो. कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) मोजून लावणे इथे दुप्पट महत्त्वाचे. टँकरच्या पाण्याचा प्रश्न असेल तर कॉलमला ओले गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक लावा.

चाचणी-मिश्रणे पहिल्या ओतकामाच्या किमान ७५ ते ९० दिवस आधी सुरू करा. २८ दिवसांचा निकाल, एक दुरुस्ती, पुन्हा २८ दिवस. जुनी इमारत पाडण्याचे काम चालू असते तेव्हा हा वेळ असतोच.

आता सरकारी दारे. पहिले आणि पैशात सगळ्यात मोठे दार चटईक्षेत्राचे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, हरित इमारतींना मूळ चटईक्षेत्रावर प्रोत्साहन आहे. गृहा आणि आयजीबीसी ही हरित इमारतींची मानांकने. गृहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी सिल्व्हरला ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. पुण्यात दाट वस्तीबाहेरच्या भागाला मूळ निर्देशांक १.१० आहे. तुमच्या भूखंडाला ३,३०० चौरस मीटर मूळ चटईक्षेत्र, म्हणजे प्रोत्साहन अनुक्रमे ९९, १६५ आणि २३१ चौरस मीटर. गोल्डचे १६५ चौरस मीटर म्हणजे सुमारे १,७७५ चौरस फूट. विक्रीचा दर फुटाला समजा १२,००० रुपये धरला तर २ कोटी १३ लाख. त्यातून त्या क्षेत्राचा बांधकामखर्च, मानांकनाची फी आणि सल्लागाराचे पैसे वजा करा, तरीही जादा टेकू आणि चाचण्या यांचा खर्च त्यात सहज बसतो. विकसकाला अनुदान हवे होते ना, ते हेच.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. एक, पूर्व-प्रमाणपत्रात सांगितलेला दर्जा भोगवट्याच्या वेळी मिळाला नाही, तर न मिळालेल्या दर्जापुरत्या प्रोत्साहन चटईक्षेत्रावर रेडी रेकनरच्या जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. गोल्ड सांगून सिल्व्हरवर थांबलात तर फरक ६६ चौरस मीटरचा. जमिनीचा दर मीटरला ५०,००० रुपये असेल तर दंड ६६ लाख. म्हणून ज्या दर्जाची खात्री आहे तोच सांगा. दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचे वाटते: सौर पॅनेल, पावसाचे पाणी, सांडपाणी शुद्धीकरण, काचा आणि दिवे यांच्या गुणांवरच गोल्ड मिळू शकते. सिमेंटला हातही न लावता. मग चटईक्षेत्र मिळते, अंतर्भूत कार्बन, म्हणजे साहित्याचा कार्बन, जागच्या जागी. मालमत्ता करातली सौर-गांडूळखत-पर्जन्यजल यांची सवलतही साहित्याकडे बघत नाही. तेव्हा मानांकनाच्या सल्लागाराशी करार करतानाच ‘साहित्याचे अमुक गुण घ्यायचेच’ असे लिहून घ्या. साहित्याला स्वतंत्र किमान अट लावणारे मानांकन म्हणजे आयएफसी या जागतिक बँक गटातल्या संस्थेचे एज. त्यात साहित्यातली २० टक्के कपात सक्तीची आहे आणि त्याचे गणनाचे साधन फुकट वापरता येते. प्रमाणपत्र घेतले नाही तरी मिश्रणांची तुलना करायला ते वापरा. भारतीय साहित्याच्या उत्सर्जनाचे आकडेही आयएफसीने २०१७ मध्ये संकलित केलेले आहेत. परदेशी आकडे लावून हिशेब फुगवू नका.

दुसरे दार राखेचे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते की कोळशाच्या औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या इमारत-प्रकल्पांनी राखेच्या विटा, ब्लॉक, फरशा यांसारखी उत्पादने वापरलीच पाहिजेत, अट एवढीच की ती पर्यायी मालापेक्षा महाग नसावीत. नाशिकजवळचे एकलहरे आणि सोलापूरचे एनटीपीसी केंद्र, दोन्ही पुण्यापासून या अंतरात आहेत. म्हणजे तुमच्यासाठी हा ऐच्छिक विषय नाहीच. रस्ते, भराव, उड्डाणपुलांचे जोडरस्ते यांना तर राख जागेवर मोफत पोचवण्याची आणि वाहतुकीचा खर्च सोसण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे केंद्रावरच टाकली आहे. केंद्राची राख दुसरीकडे खपत असेल तर मात्र दर परस्पर ठरवता येतो. पुण्याभोवती रिंग रोडसारखे भरावाचे काम होताना डोंगर फोडून मुरूम आणण्याआधी ही तरतूद वापरली जावी, असे मनापासून वाटते.

विटांबद्दल थोडक्यात. राखेची सिमेंट-वीट घ्यायची तर आयएस १६७२० चा शिक्का आणि २८ दिवस मुरलेला माल मागा. ताजी वीट भिंतीत गेली की आकसते आणि गिलाव्याला नकाशासारखे तडे जातात. एएसी (हवेच्या पोकळ्यांच्या हलक्या) ब्लॉकचे वजन घनमीटरला ५५० ते ६५० किलो आणि लाल विटेचे १,८०० च्या पुढे. हा फरक सळईत उतरायला हवा असेल तर सल्लागाराला गणना सुरू करण्याआधी ब्लॉक ठरल्याचे सांगा. रचना लाल विटांच्या वजनावर करून नंतर ब्लॉक लावले तर बचत कागदावरही राहत नाही. आतल्या भिंतींना जिप्सम गिलावा करा. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजले जाते, क्लिंकर चौदाशेच्या वर.

तिसरे दार पोलादाचे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच हरित. २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार, १.६ च्या खाली पाच. प्रमाणपत्राचे काम एनआयएसएसटी या संस्थेकडे आहे. सळईच्या चौकशीपत्रात ‘ताऱ्यांचे प्रमाणपत्र जोडावे’ एवढी ओळ घाला. तुमच्या ३८० टनांत तीन तारे म्हणजे सुमारे ११५ टनांची बचत, पाच तारे म्हणजे ३४० टनांच्या पुढे. जालन्याची सळई पुण्यात सर्रास येते. विजेच्या इंडक्शन भट्टीत भंगार वितळवून केलेली सळई कार्बनला खूप हलकी असते. पण त्याच भट्टीत कोळशावर खनिजापासून केलेले स्पंज लोखंड जास्त घातले तर हा फायदा निघून जातो. म्हणून ‘जालना’ हे नाव पुरेसे नाही, भंगार आणि स्पंज यांचे प्रमाण विचारा. आयएस १७८६ प्रमाणे फॉस्फरस-गंधकाचा अहवालही घ्या, कारण भंगाराच्या मालात गडबड तिथे होते. सळई एफई ५००डी प्रतीऐवजी जास्त ताकदीची ५५०डी घेतल्यास ताकदीवर ठरणाऱ्या भागांत आठ-नऊ टक्के सळई वाचते. किमान सळईवर किंवा वाकण्याच्या मर्यादेवर ठरणाऱ्या स्लॅबमध्ये काहीच वाचत नाही.

आणि मुळात लोखंड वाढते कशाने? पार्किंगच्या रांगा आणि वरच्या खोल्यांच्या भिंती जुळत नाहीत म्हणून मधे घातलेल्या ट्रान्स्फर बीमने. वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागार यांना पहिल्या आराखड्यातच एकत्र बसवा आणि पार्किंगच्या मापात बसणारे कॉलम थेट वरपर्यंत न्या. सल्लागाराकडून चौरस मीटरला किती किलो सळई आणि किती घनमीटर काँक्रीट, हे दोन आकडे प्रत्येक टप्प्यावर लेखी मागा. या बैठकीला कुठलेच मानांकन पूर्ण न्याय देत नाही, पण बचत इथली मोठी असते.

पाडकामाचे. २०२५ चे नवे राडारोडा नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यातली विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे राडारोड्याच्या पुनर्वापराची बांधणाऱ्यावरची जबाबदारी, २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांना आहे. तुमचा प्रकल्प त्यापेक्षा लहान, तेव्हा ती लागू नाही. पण म्हणून काही राडारोडा नदीकाठी टाकायची मोकळीक मिळत नाही. पुणे महापालिकेचे प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचे मोशीला. तिथली पावती जपून ठेवा, मानांकनात लागते. परत घ्यायला पेव्हिंग ब्लॉक आणि कर्बस्टोन चांगले. आयएस ३८३ प्रमाणे काँक्रीटपासून केलेली पुनर्वापराची खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि पायाखाली अंथरायच्या पीसीसीसारख्या दुबळ्या काँक्रीटमध्ये पूर्ण चालते. तुम्ही ती पायाखालच्या पीसीसीपुरतीच ठेवा. ही खडी पाणी शोषते, आधी भिजवली नाही तर स्लम्प (काँक्रीटचा ओघळपणा) वाटेतच संपतो.

२०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेतल्या फॉर्म १ए मध्ये जास्त ऊर्जा खाणाऱ्या साहित्याबद्दल स्वतंत्र प्रश्न आहे. बहुतेक अर्जांत त्याला एका ओळीचे ठोकळेबाज उत्तर दिले जाते. तिथे मिश्रणाचे आकडे लिहिले तर ती अटच होऊन बसते, आणि ठेकेदाराला ती पाळावी लागते.

पुरवठादारांसाठी प्रत्यक्ष पैसे आहेत आणि हे त्यांना सांगण्याचे काम ग्राहकाने करावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अदिती योजनेत, जुलै २०२५ पासून, सूक्ष्म व लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजावर ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. वीट, फाउंड्री आणि पोलाद री-रोलिंग ही क्षेत्रे तिच्यात येतात. एमएसई-गिफ्ट योजनेत २ कोटींपर्यंतच्या हरित कर्जावर २ टक्के सवलत आहे. वीटभट्टीवाल्यांना २०२२ च्या अधिसूचनेने झिगझॅग किंवा उभ्या भट्टीकडे जाणे बंधनकारकच केले आहे, त्यांनी हे कर्ज जरूर बघावे. जीएसटीत मात्र फरक नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले, पण ओपीसी, पीपीसी, पीएससी सगळ्यांना दर एकच. क्लिंकर कमी असलेल्या सिमेंटला दोन-तीन टक्के कमी कर लावला असता तर गोणीवरची निवड आपोआप बदलली असती.

एका भूलथापेपासून सावध राहा. ‘तुमच्या इमारतीचे कार्बन क्रेडिट विकून देतो’ म्हणणारे भेटतील. २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये सिमेंट कारखान्यांना आहेत. ऑक्टोबर २०२५ च्या नियमांत १८६ सिमेंट घटक त्यात आले. लक्ष्ये आणि हिशेब कारखान्यांचे, इमारतीचे नव्हेत. याच योजनेच्या ऐच्छिक यंत्रणेत बांधकाम क्षेत्र दुसऱ्या टप्प्यात ठेवले आहे. त्या नावाखाली आज कुणालाही आगाऊ फी देऊ नका.

सरकार स्वतः काय करू शकते, हेही सांगायला हवे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात केंद्र सरकारच्या इमारतींसाठी कमी कार्बनचे साहित्य घ्यायला २.१५ अब्ज डॉलर ठेवले होते. डेन्मार्कने २०२३ पासून १,००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घातली. आपल्याकडे सरकारी आणि निमसरकारी इमारतींना यूडीसीपीआरने किमान तीन तारे सक्तीचे केले आहेत, पण निविदेतले काँक्रीट सरकारी दरसूचीतल्या ठरीव बाबींवर चालते. दरसूचीत नसलेली बाब घ्यायची तर कनिष्ठ अभियंत्याला दर-विश्लेषण करून वरची मंजुरी आणि पुढे लेखापरीक्षण, असे सगळे अंगावर घ्यावे लागते. प्रामाणिक अभियंताही मग जुनीच बाब उचलतो. ‘एम ३०, ५० टक्के जीजीबीएससह’ अशा पाच-सहा बाबी दरसूचीत आल्या, तर एक रुपया अनुदान न देता पुण्यातल्या प्रत्येक आरएमसी प्लांटवर स्लॅगचा सायलो उभा राहील, आणि तो सायलो खासगी ग्राहकालाही मिळेल.

तुमच्या सोसायटीने विकास करारातच पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. पायातले स्लॅग ६० टक्क्यांपेक्षा कमी नसावे, उभ्या भागांत ४५, स्लॅब-बीममध्ये हंगामानुसार २० ते ३५. प्रत्येक ओतकामाची बॅच-स्लिप आठ दिवसांत समितीकडे यावी. सळईच्या प्रत्येक लॉटबरोबर उत्सर्जनाचे प्रमाणपत्र किंवा उत्पादनाचे पर्यावरणीय घोषणापत्र असावे. सिमेंटच्या बिलावर नुसते ‘सिमेंट’ नको, प्रकार आणि उत्पादनाचा आठवडा-क्रमांक हवा. ही कागदपत्रे शेवटी गोळा करायला गेलात तर मिळत नाहीत, कारण तोपर्यंत ठेकेदार बदललेला असतो. आणि प्रोत्साहन चटईक्षेत्र कुणाच्या वाट्याला किती, त्याबद्दलचा दंड झाला तर तो कुणी भरायचा, हे दोन्ही एकाच कलमात लिहा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रासाठी नकाशे दाखल होण्याआधी यावर सह्या झाल्या पाहिजेत.